सहा वर्षांच्या बॅटरीची परीक्षा

नणंदेला जुनी गाडी विकू नये, असं मला चार मैत्रिणींनी सांगितलं होतं. मी कोणाचं ऐकत नाही हे त्या चौघींनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी एकेकदाच सांगितलं आणि गप्प बसल्या.

गाडी आमची इलेक्ट्रिक. सहा वर्षं वापरली, ब्याऐंशी हजार किलोमीटर चालवली. सोसायटीजवळ मेट्रो आली, आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी खाली नुसती धूळ खात उभी राहायला लागली. राहात्याला दिलेली माझी धाकटी नणंद शैला म्हणाली, "वहिनी, मला द्या." तिच्या डाव्या गुडघ्याची वाटी पाच वर्षांपूर्वी बांधावरून पडून फुटली. ऑपरेशन झालं, पण पाय धड वाकत नाही. क्लच दाबायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. आमच्या गाडीला क्लचच नाही. गेल्या वर्षी दिवाळीला ती पुण्याला आली होती तेव्हा सोसायटीच्या मोकळ्या जागेत मी तिला गाडी शिकवली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ती आठ दिवसांत शिकली. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यात इतकी चटकन शिकणारी विद्यार्थिनी फार थोड्या वेळा मिळाली.

साडेपाच लाखांना ठरलं. पैसे तिचे स्वतःचे, पेरूच्या स्टॉलवर साठवलेले. मीच म्हटलं, आधी दहा आठवडे वापरून बघ, मग दे. दहावा आठवडा संपायच्या आत तिच्या नवऱ्याचा, भाऊसाहेबांचा, फोन आला.

"वहिनी, गाडी बसली. नव्यानं आली तवा भरल्यावर एकशे चाळीस किलोमीटर दाखवायची. आता एकशे धाच्या वर जात न्हाई. मी दोन ठिकानी इचारलं. नवी बॅटरी एक म्हनतो पाच लाख, दुसरा म्हनतो सात. चार आन्याची कोंबडी अन् बारा आन्याचा मसाला. तुमी यिऊन घिऊन जा."

पैशांचं सोडा, पण नणंदेला फसवलं हा शिक्का एकदा बसला की चार पिढ्या निघत नाही. मी दुसऱ्या दिवशीची एस.टी. धरली.

राहाता

राहात्यात उतरलं की आधी पेरूचा वास येतो. डिसेंबरात तर स्टँडपासूनच. शैलाच्या घरी पोचले तर ओट्यावर क्रेट रचलेले आणि चुलीवर वांगं भाजत ठेवलेलं. बाजरीची भाकरी, भरीत, वर कच्च्या तेलाची धार. जेवण होईपर्यंत गाडीचं नाव कोणी काढलं नाही. आमच्याकडे पुण्यात दारातच विषय निघाला असता आणि जेवण राहिलं असतं. इथली पद्धत मला बरी वाटली.

जेवल्यावर भाऊसाहेबांनी मला मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे नेलं. गाडी तिथेच लावलेली, कारण जाड वायरीचा सॉकेट तिथेच. राहात्यात लाईटचा हिशोब पुण्यापेक्षा वेगळा आहे. शेतीच्या मोटारीला लाईट पाळीने मिळते, या आठवड्यात दिवसा, पुढच्यात रात्री. मोटर चालू झाली की भाऊसाहेब बाकी सगळं बंद करतात, त्यात गाडीचा प्लगही आला. मोटर थांबली की शैला पुन्हा लावते. असं दिवसातून दोन-तीनदा.

"पन एक नेम पाळला, वहिनी," शैला म्हणाली. "तुमी सांगितलं हुतं ना, ऐंशीच्या वर भरायची न्हाई म्हनून? एकदाबी जाऊ दिली न्हाई. रातीचं उठून बघितलं, पन ऐंशीला काढली म्हंजे काढली."

मला मनातून बरं वाटलं. शिकवलेलं कोणी असं तंतोतंत पाळलं की शिक्षकाला काय होतं ते शिक्षकालाच ठाऊक. ऐंशीचा नियम मी एका व्हिडिओत ऐकला होता आणि गाडी देताना तिला तीनदा बजावून सांगितला होता.

"मग नियम पाळूनही बॅटरी कशी उतरली?" मी विचारलं.

"तेच तर मी म्हनतो," भाऊसाहेब म्हणाले. "म्हातारी झाली."

मी हार मानणारी नाही. नेवासा फाट्यावर रफिकभाई नावाचा माणूस या बॅटऱ्या उघडून तपासतो, असं मला कळलं होतं आणि त्याची परवाची वेळही मी घेऊन ठेवली होती. भाऊसाहेबांचं म्हणणं असं, की मशीन काय वाटेल ते सांगेल, गाडी चढावर न्या. शेवटी त्यांनीच अट घातली. उद्या भंडारदऱ्याला जायचं, वर एकदाच भरायची आणि परवा तिथून थेट नेवासा गाठायचा. "वाटंत कुटं हुबी ऱ्हायली, तर मी दोरी लावून आनतो अन् तशीच पुन्याला धाडतो. शैले, मंजूर हाय का?"

शैला म्हणाली, "चालवनार मी."

शेंडी, भंडारदरा

सकाळी आम्ही दोघी निघालो तेव्हा काट्यावर ऐंशी टक्के आणि एकशे दहा किलोमीटर. भंडारदरा शंभरच्या आसपास, आणि शेवटचा सगळा चढ. मी वही मांडीवर घेऊन बसले. दर दहा किलोमीटरला किती टक्के उतरले ते लिहायचं ठरवलं. एसी बंद, काचा खाली.

संगमनेरपर्यंत रस्ता उसाचा. कारखान्याकडे चाललेल्या बैलगाड्यांच्या मागे आम्ही निमूट चालत होतो, आणि माझ्या हिशोबाला ते सोयीचंच होतं, कारण हळू गेलं की बॅटरी कमी खाते. अकोल्याच्या पुढे एका वळणावर म्हशींचा कळप रस्ता अडवून उभा होता. शैलाने गाडी हळू पुढे घेतली. म्हशी ढिम्म.

मागून म्हशीवाला ओरडला, "ओ ताई, गाडी चालू तरी हाय का? आवाज न्हाई तर म्हशीला कळनार कसं?"

शैलाने हॉर्न दिला. म्हशी हॉर्नलाही दाद देईनात. शेवटी मी खाली उतरून हातातल्या वहीने त्यांना बाजूला केलं. तेवढ्यात एकीने वहीचं एक पान ओलं केलं, नेमकं संगमनेर ते अकोल्याचं.

राजूरला पोचलो तेव्हा काटा एकोणीसवर. पेढे घ्यायला थांबलो, पण माझं लक्ष पेढ्यात नव्हतं. अजून बारा-पंधरा किलोमीटर चढ होता. मी म्हटलं, "शैला, इथंच भरायची का?"

"एकदाच भरायचीय, वहिनी. हितं भरली तर वरून नेवाशाला कशी जानार?"

बरोबर होतं. मी पेढा खाल्ला. वर शेंडीत शिरलो तेव्हा काट्यावर दहा टक्के होते, आणि माझ्या तळहाताला घाम आला होता. शैलाचे हात कोरडे.

मुक्कामाला उतरलो तिथली मालकीण हिराबाई. खोल्या चार, आणि प्रत्येक खोलीच्या बाहेर वेगळा मीटर. "पाहुनं हीटर लावत्यात अन् पंख्याचं पैसं देत्यात, म्हनून बशिवलं," त्यांनी खुलासा केला. गाडी भरायची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मोबाईलसारखीच ना? मग लावून झोपा." मी प्लग लावण्याआधी मीटरचा आकडा वहीत टिपला. हे सवयीने. उपयोग होईल असं मुळीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी धरणाच्या काठाने शैला काठी टेकत माझ्याबरोबर चालली. भात कापून झालेला, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या, समोर पाणी. मी डोंगर बघत होते. ती म्हणाली, "वहिनी, एक सांगते, हसू नका. मागल्या म्हैन्यात मी गाडी घिऊन कोपरगावला गेल्ती."

"काय काम होतं?"

"काय न्हाई. एकटी गेली, एका झाडाखाली गाडी लावली, उसाचा रस पिला अन् परत आली. पाच वर्सं मी कुटंबी जायचं म्हटलं की आदी कुनाला तरी इचारायचं, मग तो म्हननार थांब जरा. स्टॉलवर जायला थांब, दवाखान्यात जायला थांब. त्या दिवशी मला कुनी थांब म्हटलं न्हाई."

मला हसू येणं शक्यच नव्हतं. आतापर्यंत मी माझ्या शब्दाची काळजी करत होते, आणि ही बाई कोपरगावचा रस्ता गमवायच्या भीतीत होती. मला स्वतःची लाज वाटली आणि मी तिचा हात धरला.

हिराबाईंनी नाचणीची भाकरी, धरणातल्या माशांचा रस्सा आणि डोंगरातल्या तांदळाचा गरम भात वाढला. माशाच्या काट्यांची आम्हा दोघींना सवय नाही, तर त्यांनी समोर बसून काटे काढून दिले. खाऊन लगेच झोपलो. प्लग काढायला कोण उठणार?

सकाळी शैलाच्या ओरडण्यानेच जाग आली. "वहिनी, शंभर झाले! आता बिघडली का ओ?"

मी मीटर बघायला धावले. रात्रीतून एकवीस युनिट गेले होते. गणिताच्या बाईला एवढं पुरे झालं. नवीन असताना आमची बॅटरी तीस युनिटांची. काट्यावर दहा टक्के होते, म्हणजे निदान सत्तावीस युनिट जायला हवे होते. सहा युनिट कुठे गेले? उत्तरं दोनच. एक तर बॅटरी आक्रसली, भरताना वाया जातं ते वजा करता तीस लिटरची टाकी वीस-एकवीसची झाली आणि भाऊसाहेबांचं खरं. किंवा काटा खोटं बोलतोय, काल दहा दाखवत होता तेव्हा आत बरंच जास्त शिल्लक होतं. दोन्हींना एकच आकडा लागू पडत होता. पस्तीस वर्षांत इतकं छळणारं उदाहरण मी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

ते सुटायचा मार्ग एकच होता. नेवासा दीडशे किलोमीटर. टाकी लहान झाली असेल तर श्रीरामपूरच्या पुढे कुठेतरी रस्त्यातच उत्तर मिळणार होतं.

नेवासा

उतार लागला की ही गाडी थोडी भरते. राजूरपर्यंत काटा जवळजवळ हललाच नाही आणि आम्ही दोघी उगाच खूश झालो. खरी परीक्षा सपाटीवर. संगमनेरला सत्तर, लोणीच्या पुढे पंचावन्न. शैला एका वेगाने चालवत होती, ब्रेक न दाबता, पुढचा टेम्पो कधी थांबणार ते आधीच ओळखून. माझ्यापेक्षा चांगली चालवते हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. श्रीरामपुरात चौतीस. तिथून नेवासा पस्तीस किलोमीटर, आणि मी वहीत लिहायचं सोडून दिलं, कारण आता आकडे मला पाठच होत होते. नेवासा फाट्यावर पोचलो तेव्हा सतरा टक्के शिल्लक होते.

टाकी लहान झालेली नव्हती! मी शैलाच्या पाठीवर अशी थाप मारली की ती कळवळली.

रफिकभाईंचं दुकान म्हणजे एका बाजूला जळालेल्या शेतपंपांची तांब्याची तार आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. वीस वर्षं मोटारींचं वायंडिंग केलं, मग ई-रिक्षा आल्या तेव्हा बॅटऱ्या शिकले. त्यांनी गाडीला एक केबल लावली आणि म्हणाले, "दोन तास द्या. तवर माऊलींच्या खांबाला जाऊन या." आम्ही गेलो. मंदिरात गार होतं, शैला खांबाजवळ पाय लांब करून बसली. मी देवाकडे फारसं मागत नाही, त्या दिवशी मागितलं.

परत आलो तेव्हा रफिकभाईंनी लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. आतला एकेक सेल पडद्यावर ओळीने दिसत होता.

"शंभरातलं सत्त्याऐंशी शिल्लक हाय," ते म्हणाले. "सा वर्सांत तेरा गेलं. पयल्या दोन वर्सांत जरा भरभर जातं, मग सावकास. नीट वापरली तर अजून आठ-धा वर्सं कुटं जात न्हाई. बॅटरी एकदम मरत न्हाई ताई, म्हातारी हुती. दोनशेच्या जागी एकशे सत्तर जाईल, एवडंच."

"आणि मेलीच तर?" मी विचारलं. "सात लाख?"

"कंपनीकडनं अख्खी बदलली तर ह्या गाडीला पाच-सात लाख लागत्यात, त्ये खरं हाय. मोठ्या गाडीला धाच्या वर. पन अख्खी बदलायची पाळी क्वचित येती. एखादा भाग जातो, तेवडाच बदलायचा. चाळीस-पन्नास हजार, साठ म्हना. माझ्याकडं सगळ्यात जास्त लोक कशाला येत्यात सांगू? पुढं एक बारकी बॅटरी आसती, लाईट-कुलपाची, पाच हजाराची. ती बसली की गाडी चालूच हुत न्हाई. मानूस मोठी गेली समजून कर्जाची चवकशी करून आलेला आसतो."

मग त्यांनी हमीचा कागद मागितला. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, आणि बॅटरी सत्तरच्या खाली गेली तरच. "अजून दोन वर्सं हायेत. पन गाडी नावावर करताना दुसऱ्या मालकाला हमी लागू हाय का, त्ये लिहून घ्या. समद्या कंपन्या देत न्हाईत."

"मग काटा कमी का दाखवत होता?"

रफिकभाईंनी शैलाकडे बघितलं. "ताई, पुरी कदी भरलीवती?"

"काल रातीच. त्याच्या आदी धा आठवडं न्हाई."

"तिथंच घोटाळा झाला. ह्या जातीच्या सेलला आठवड्यातनं एकदा काठोकाठ भरावं लागतं. त्याबिगर काट्याचा हिशोब लागत न्हाई. तुकड्या-तुकड्यानं भरली, काढली, परत भरली, की काटा चुकत जातो अन् भिऊन कमी दाखवतो. ऐंशीचा नेम दुसऱ्या जातीच्या सेलला चांगला. तुमाला हे ऐंशीचं कुनी सांगितलं?"

शैलाने माझ्याकडे बघितलं नाही. "आसंच ऐकलं कुटंतरी," ती म्हणाली.

मी पुण्यात सहा वर्षं गाडी शनिवारी प्लगला लावून रविवारी सकाळी काढायचे. शंभर टक्के, आळसाने. म्हणून माझ्याकडे काटा कधी चुकला नाही. नियम मी फक्त दुसऱ्याला दिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे मी मुलांच्या वह्यांवर किती वेळा लिहिलं असेल!

"मी सांगितलं," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

रफिकभाई हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तपासणीचे पैसे घेतले, परतीपुरती गाडी भरू दिली आणि वर चहा पाजला.

परतीच्या वाटेवर, नेवाशाबाहेर पडल्यावर शैला म्हणाली, "वहिनी, घरी हे सांगू नका. म्हनू की वायरीत कचरा हुता. ह्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? जलमभर ऐकवतील तुमाला."

"ऐकवू दे."

"तुमचा मान..."

"माझा मान राहावा म्हणून तू दहा आठवडे रात्री उठून प्लग काढलास. पुरे झालं आता."

ती रडली. मीही रडले. गाडी तिच्या हातात असल्यामुळे मी तिला रस्त्याकडे बघ म्हणून दरडावलं, मग दोघी हसलो.

पुन्हा राहाता

भाऊसाहेब ओट्यावर बसलेले होते. मी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगितलं. सत्त्याऐंशी टक्के, पाच-सात लाख कधी आणि साठ हजार कधी, दोन वर्षांची हमी, आणि शेवटी ऐंशीचा नियम माझा आणि चुकीचा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे गाडी चांगली हाय," ते म्हणाले, "अन् बिघाड वहिनीत हुता."

"हो."

"अन् मोटर लावली की प्लग मी काढायचो, त्याचं काय?"

"त्यानेही काटा चुकला."

"मंग निम्मा बिघाड माझा," ते म्हणाले आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले. पंचवीस वर्षांच्या सोयरिकीत त्यांच्या हातचं पाणी मी पहिल्यांदा प्यायले.

मी म्हटलं, पुढच्या दोन वर्षांत बॅटरीला काही झालं तर निम्मा खर्च मी देईन. शैला नको म्हणाली. "आता ती माझी हाय. तिचं दुखनंबी माझंच." पैशांचा चेक तिने त्याच संध्याकाळी लिहिला. आठवड्यातून एक दिवस मोटर थांबवायची आणि गाडी पूर्ण भरायची, हे भाऊसाहेबांनी कबूल केलं. वार त्यांनीच ठरवला, गुरुवार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून अंगणात आले. मला स्टँडवर सोडायचं होतं. शैला गाडीत बसलेली, क्रेट मागे लावलेले. तेवढ्यात भाऊसाहेब डोक्यावर टोपी चढवत बाहेर आले. त्यांना तहसीलला जायचं होतं आणि टेम्पो माल घेऊन गेला होता. सवयीने ते गाडीच्या उजव्या दाराशी गेले. दार उघडलं, तर तिथे शैला. ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग दार हळूच लावून, गाडीला पुढून वळसा घालून डावीकडे जाऊन बसले.

"मला तहसीलला सोड," ते म्हणाले. "अन् न्यायला यी."

"कवा यिऊ?" शैलाने विचारलं.

भाऊसाहेबांनी टोपी नीट केली, समोर बघितलं आणि म्हणाले, "तुला सवड आसंल तवा."